सत्काराची शाल

पुसेगाव
रविवार, संध्याकाळ

प्रिय विजूदादा,

या पत्रासोबत शाल परत पाठवतेय. तीच, जी तू साऱ्या गावासमोर ह्यांच्या खांद्यावर घातली होतीस. नारळाची चटणी करून संपवली, नाहीतर तोही पाठवला असता. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "शिवकन्या, कार्यक्रमात आहे" म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून लिहितेय, आता शेवटपर्यंत वाच.

हे व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी एकच बजावलं होतं. दारू सोडलेल्यांच्या बैठकीला दर आठवड्याला जायचं, एकट्यानं झुंजायचं नाही. एवढी साधी गोष्ट, पण ती बैठक शोधताना माझ्या चपला झिजल्या. एका ठिकाणचा पत्ता मिळाला, तर त्या खोलीत खताची पोती रचलेली. दुसरीकडे एक महाराज होते. बायकोच्या पायगुणानं नवरा कसा प्यायला लागतो, हे त्यांनी आम्हाला तासभर सुनावलं, आणि ज्यांनी बोलायचं ते सगळे माना खाली घालून बसले. तिसऱ्या ठिकाणी दारातच ओळखीचा भेटला. "काय बालाजी, तुमी इकडं काहून?" हे आल्या पावली मागं फिरले. दारूचं दुकान कुठंय हे कुणाला विचारावं लागत नाही, दादा. सोडायची जागा मात्र जिल्हाभर हिंडून सापडत नाही, आणि त्याची चीड कुणालाच येत नाही!

तेव्हा तू म्हणालास, कशाला हिंडता, गावातच घेऊ बैठक. मला किती बरं वाटलं होतं. वाटलं, माझा भाऊ आहे, चार माणसं जमवेल, दार लोटून घेईल. तू मांडव घातलास. मारुतीच्या पारावर लाऊडस्पीकर लावलास. स्टँडवर ह्यांच्या फोटोचं बॅनर, 'दारूमुक्त आदर्श नागरिक', आणि त्याच्या दुप्पट तुझा फोटो. आपल्याकडं कुणाचं काही चांगलं झालं की शाल-नारळ दिल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही. पोरगं दहावी पास झालं, सत्कार. बोअरला पाणी लागलं, सत्कार. पण दारू सुटणं म्हणजे निवडून येणं आहे का रे? ती रोज सकाळी उठून नव्यानं सोडावी लागते. तू वेलची चघळत माइकवर बोलत राहिलास. शाळेची पोरं टाळ्या वाजवत होती, त्यांच्यात आमची लेकही बसलेली. तिनं मान वर केली नाही. ह्यांचा चेहरा तू पाहिलाच नाहीस, तू फोटोवाल्याकडं पाहत होतास.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांच्या मोटार वायंडिंगच्या दुकानात जो येईल तो हसून विचारी, "व्हय बालाजी, आज कोरडाच का?" ह्यांनी दुकान उघडणंच सोडलं. आठवडा सरायच्या आत पुन्हा प्यायले आणि नेमके त्याच बॅनरखाली पडले. लोकांनी त्याचेही फोटो काढले. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं मला तुझ्या मदतीचं.

शेवटी बैठक सापडली, आणि कुठं म्हणशील? कनेरगाव नाक्याला, ढाब्यावर! नेमसिंग म्हणून ढाबेवाला आहे, स्वतः पिऊन पिऊन मरणाच्या दारातून परत आलेला. त्यानं दारू बंद केली, पाटी मात्र ढाब्याचीच ठेवली. मला म्हणाला, "ताई, माणूस ढाब्यावर गेला तर कोणी विचारून राहिलं का? सोडायला गेला की अख्खं गाव विचारते." दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की मागच्या खोलीत हे लोक बसतात, आणि आम्ही बायका पलीकडे फॅमिली रूममध्ये. पहिल्या दिवशी हे बाहेर आले आणि म्हणाले, "'मी बालाजी, परत प्यालो,' एवढंच बोललो. कोणी टाळी वाजवली न्हाई, कोणी हसलं न्हाई. नुसता चहा सरकवला पुढं." मला तिथंच रडू फुटलं. तेव्हापासून ह्यांनी घेतलेली नाही, दुकान उघडतात. बॅनर मी स्वतः उतरवलं आणि शेळीच्या खोपीवर टाकलं, तुझा चेहरा आतल्या बाजूनं.

सगळं सुरळीत चाललंय तर आता कशाला भांडतेस, असं म्हणशील. आज त्या फॅमिली रूममध्ये मिनावहिनी आली होती. तुझी बायको, दादा, हिंगोलीहून एकटी, तोंडाला पदर गुंडाळून. मला पाहून दचकली, मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. सत्कार आटोपून तू पाहुण्यांना घेऊन सिद्धेश्वरच्या धरणावर कशासाठी गेलास ते, आणि तुला सकाळपासून वेलची का लागते तेही, सगळं तिनं सांगितलं. म्हणाली, माझं ऐकत नाहीत, तूच लिही. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून! इतका संताप आला, वाटलं, तुझंही बॅनर लावावं स्टँडवर. लावणार नाही. ह्यांनाही काही बोलले नाही. पुढच्या रविवारी ये. तिथं माइक नाही, फोटो नाही, तुला कुणी साहेब म्हणणार नाही. नुसतं नाव सांगायचं. तेही जमलं नाही तर गप्प बस, चहा पी. त्या खोलीत वारं फार लागतं, दादा, म्हणून शाल पाठवतेय. पांघरून ये.

तुझ्यावर भयंकर चिडलेली, तरी तुझीच,
शिवकन्या