नवमीचा मधला फोटो

आई,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते. बाकीचं नंतर.

१. अविधवा नवमीला दुपारी दादांनी तुझ्या नावाचं पान वाढून परसातल्या दगडी भिंतीवर ठेवलं.
२. त्यांच्याच सांगण्यावरून मी माझा कॅमेरा त्या पानाकडे तोंड करून लावला होता.
३. कावळ्याचा फोटो आला नाही.
४. ऊन उतरल्यावर एक खोकड आलं आणि पान खाऊन गेलं. त्याचे फोटो स्पष्ट आहेत.
५. ते फोटो दादांनी पाहिले. त्यांना ते मान्य नाहीत.
६. सर्वपित्रीला मामा येणार आहे. तुझ्या दहाव्यानंतर तो आपल्या घरी पहिल्यांदाच येतोय.

हा कॅमेरा तुला माहीत असायचं कारण नाही. हिरवट रंगाचा डबा आहे, पट्ट्याने झाडाला बांधता येतो. समोरून एखादं गरम अंग हललं की आतला सेन्सर जागा होतो आणि फोटो निघतो. असे सेन्सर तपासणं हेच माझं पुण्यातलं काम. दादांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून या पावसाळ्यात मी घरून काम मागून घेतलं आणि येताना हा डबा घेऊन आले. परसातल्या शेवग्याला तो बांधत होते तेव्हा दादा काठी टेकत मागे येऊन उभे राहिले. "चोर धरायला लावलास व्हय? काय न्यायचं ऱ्हायलंय हितं?" मी म्हटलं, जनावरं बघायला. शेजारच्या काकू कपडे वाळत घालत होत्या, त्या तिकडूनच ओरडल्या, "आमच्या दारात बी लाव गं एक. आमचं म्हातारं पहाटंचं कुठं जातंय ते तरी कळंल." दादा हसले. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा हसले असतील.

मग रोज सकाळची एक रीतच पडली. मी चहा ठेवायचा, कॅमेऱ्यातलं कार्ड काढून लॅपटॉपला लावायचं, आणि दादांनी चष्मा पुसत विचारायचं, "कोण कोण येऊन गेलं?" परसापलीकडे माळ आहे, त्याच्या पुढे डोंगर, एवढंच मला माहीत होतं. तो माळ रोज उठून आपल्या घरापर्यंत चालत येतो, हे माहीत नव्हतं. अंधारातले फोटो रंगाशिवाय निघतात, राखेत काढल्यासारखे. त्या राखेत साळिंदर आपले काटे सांभाळत, लग्नाला निघालेल्या बाईसारखं हळूहळू जातं. ससा मागच्या पायांवर उभा राहून आपल्या न्हाणीघराच्या भिंतीकडे बघतो. रानमांजर एकदाच आलं, अर्धंच आलं, उरलेलं अर्धं फोटोच्या बाहेर राहिलं. त्यांच्या डोळ्यांच्या जागी नुसते पांढरे ठिपके असतात. दादा एकेकाला ओळखू लागले. साळिंदराला ते पाव्हणा म्हणतात. एखाद्या दिवशी तो दिसला नाही, तर चहा घेताना दोनदा विचारतात. मला मात्र हे फोटो बघताना वाटत राहतं की आपण झोपलेले असताना या घरात दुसरं एक घर जागं असतं, आणि त्याला आपली काही गरज नसते. मला तसं वाटणं आवडतं. का, ते सांगता येत नाही.

खोकड पहिल्यांदा आलं ते श्रावणात. भुरकं अंग, शेपटीचं टोक काळं, चेहरा लहान आणि शहाणा. मी फोटो मोठा केला आणि मला एकदम तू दिसलीस. खोकडात नाही, खोकडाच्या समोर, मागच्या दारात, हातात भाकरीचा तुकडा घेऊन. मी सहा-सात वर्षांची असेन. भिंतीवर खोकड बसलं होतं आणि मी त्याला दगड मारला होता. लागला नाही. तू रागावली नाहीस, ओरडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "जा. दगड माघारी आण." मी भिंतीपलीकडे उतरून काट्यांतून तो दगड शोधतेय, तू दारात उभी आहेस. दोन दगड सारखेच दिसतात. मी एक उचलून आणते. तू तो हातात घेऊन बघतेस आणि म्हणतेस, "ह्यो न्हवं." मला पुन्हा जावं लागतं. तो कसा ओळखलास, हे मी कधी विचारलं नाही. संध्याकाळी तू भाकरीचा तुकडा भिंतीपलीकडे टाकलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "दादांना सांगू नगं. कोंबड्या मोजीत बसतील."

आता दहाव्याचं. त्या दिवशी तू नव्हतीस, म्हणून सांगते. मला नेणार नव्हते, मी हट्टाने गेले. ओढ्याकाठी पिंड मांडला होता आणि बाभळीवर कावळे होते. भरपूर होते. एकही खाली उतरेना. तुला कल्पना असेल, अशा वेळी माणसं काय करतात. एकेक जण पुढे होऊन कबूल करू लागला. कुणी म्हणालं, पोरीला सांभाळू. कुणी म्हणालं, तुझ्या गाईला अंतर देणार नाही. दादा हात जोडून म्हणाले, "पोरीला शिकवीन. म्हणंल तितकं शिकवीन." कावळे बसून राहिले. ऊन चढत गेलं. मग मामा पुढे झाला, पण पिंडाकडे नाही, दादांकडे. सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, कांदा काढून झाल्यावर दवाखान्यात नेलीत तिला. आता कावळ्याला काय सांगताय?"

दादांचे हात जोडलेलेच राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. मामा तिथूनच चालत फाट्यावर गेला आणि मिळेल त्या एसटीने गावी परतला.

तेव्हापासून दादा तुझं पान ठेवून परत फिरतात आणि मागे वळून बघत नाहीत. वाट बघणं त्यांनी एकदाच केलं, पुन्हा नाही. संध्याकाळी जातात, पान रिकामं असतं, घरात येऊन म्हणतात, "घेतलं तिनं." दर वर्षी एवढंच. पुढे वाक्य नसतं. मी हॉस्टेलवर असायचे तेव्हा हे फोनवर सांगायचे. मी "बरं" म्हणायचे.

या वर्षी मामी गेल्यावर मी मामाला भेटायला गेले. तो फार बारीक झालाय. निघताना म्हणाला, "सर्वपित्रीला येईन म्हणतो. आमच्या घरचं पोरं बघतील. बहिणीच्या पानाला एकदा हात जोडीन." मी हे दादांना सांगितलं. ते गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाले, "नवमीला तुझा कॅमेरा पानाकडं लाव. फोटू काढून ठेव. तुझ्या मामाला दाखवू, ती घास घेती म्हणून." मी म्हटलं, दादा, काय येईल सांगता येत नाही. "काय येईल म्हंजी? दर साली येतंय."

नवमीला सकाळची वाट न बघता आम्ही संध्याकाळीच लॅपटॉपसमोर बसलो. पहिला फोटो दादांचाच. पान ठेवून ते हात जोडून उभे आहेत, तोंड उघडं आहे, काहीतरी बोलतायत. कॅमेऱ्याला आवाज नाही. दुसऱ्यात ते पाठमोरे निघालेत. तो फोटो त्यांनी जवळ ओढून बघितला. "मी एवढा वाकलोय व्हय?"

"गुडघ्यामुळे वाटतं तसं."

"व्हय व्हय, गुडघ्यामुळं. फुडं घे."

पुढचा फोटो खोकडाचा. भिंतीवर चढलेलं, तोंड खिरीत. त्याच्या पुढचा वडा तोंडात धरलेला. त्याच्या पुढच्यात ते थेट आमच्याकडे बघतंय.

"ह्यो न्हवं," दादा म्हणाले. "कावळ्याचा दाखव. ह्याच्या आधीचा."

"याच्या आधीचा तुमचा आहे."

"मी गेल्यावर आन् हे यायच्या आधी. मधला."

"मधला फोटो नाही, दादा."

"मधी कायतरी असंलच की. एवढी दुपार गेली."

"कॅमेऱ्याला काही दिसलं नाही."

"मग झोपला आसंल तुझा कॅमेरा." त्यांनी चष्मा काढला. "आमुशाला नीट लाव. तुझ्या मामासमोर असं नगं."

त्या रात्री ते जेवले. दुसऱ्या दिवशी पाव्हण्याची चौकशी केली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. पाव्हणा दोन्ही दिवस येऊन गेला होता.

ते म्हणाले त्यात तथ्य आहे आणि ते मी त्यांना समजावून सांगितलं नाही. हा सेन्सर अंगाची ऊब ओळखतो, पण भोवतालापेक्षा वेगळी असेल तरच. भाद्रपदातल्या उघड्या दुपारी ती दगडी भिंत कावळ्याच्या अंगाइतकी तापते. अशा वेळी कावळा येऊन, खाऊन, चोच पुसून गेला तरी कॅमेऱ्याच्या लेखी तिथे भिंतच असते. दादा अंगाने मोठे आणि कॅमेऱ्याच्या अगदी समोर होते, खोकड ऊन उतरल्यावर आलं, म्हणून ते दिसले. त्याच्या पहिल्या फोटोत पानाला आधी कुणी तोंड लावलंय का, हेही कळत नाही, कारण खोकडाचं डोकं मध्ये येतं. म्हणजे कावळा आला नाही असं सिद्ध होत नाही. आला असंही होत नाही. आणि एका वर्षाच्या फोटोंवरून आधीच्या वर्षांबद्दल तर काहीच म्हणता येत नाही. मी कंपनीत असा अहवाल दिला असता तर तो पास झाला असता. दादांना अहवाल नको आहे.

यावर उपाय आहे. सेन्सरवर न सोडता कॅमेऱ्याला ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढायला सांगता येतं. एक बटण दाबायचं असतं. नवमीला ते दाबलं असतं तर मधली सगळी दुपार माझ्याकडे असती. मी ते दाबलं नाही. विसरले नव्हते. बोट ठेवलं होतं आणि काढून घेतलं. पूर्ण दुपार रिकामी निघाली तर ती मला माहीत असायला नको होती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही आणि माझ्या कामात हे बसत नाही.

अमावास्येला ते बटण दाबायचं की नाही, यावर दोन दिवस विचार केला. मग लक्षात आलं की मी चुकीच्या ठिकाणी पुरावा शोधतेय. मामाचा प्रश्न कावळ्याबद्दल नव्हताच. आणि त्या प्रश्नाचं उत्तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

कांदा काढायला आलाय, आभाळ आलेलं आहे. तू चुलीपुढे आहेस, अंगात ताप आहे, तरी भाकरी थापतेस. मी उंबऱ्यावर वही घेऊन बसलेय. दादा दारातून म्हणतात, "टेम्पो सांगतो. आत्ताच्या आत्ता नगरला जाऊ." तू तव्यावरची भाकरी उलटतेस. "टेम्पो कांद्याला सांगा, मला नगं. एवढं वाफं निघू द्या. दवाखाना काय पळून चालला न्हाई." दादा पुन्हा म्हणतात. तू पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तू म्हणतेस, "भिजला तर वरीसभर काय खायचं? पोरीला काय घालायचं?" आणि माझ्याकडे बघून हसतेस, म्हणजे मी घाबरू नये.

दादांना ओढ्याकाठी हे एक वाक्य बोलता आलं असतं. तिनंच नको म्हटलं, एवढंच. ते बोलले नाहीत. नंतरही कधी बोलले नाहीत. तुझ्या पिंडासमोर, तुझ्या भावासमोर, दोष तुझ्यावर टाकायचा नाही असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं असावं आणि मग त्याची सवय झाली असावी. मी हे त्यांना विचारलेलं नाही. आमच्यात अशी विचारपूस होत नाही.

म्हणून मी अमावास्येला मामाला बाजूला घेऊन जे ऐकलं ते सांगणार आहे. शब्द जसेच्या तसे, माझं मत न घालता. दादांवरचं ओझं त्याने उतरेल, पण ते तुझ्याकडे जाईल. मामाला समजेल की त्याच्या बहिणीने स्वतःच उशीर केला, आणि त्यातलं एक कारण मी होते. तुला ते चालेल का, हे मला ठरवता येत नाही. फोटोतून कळण्यासारखं ते नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मला कळतं. तरी मुदत घालते, कारण मुदत नसलेल्या विचारणेला आमच्या कामात कुणी उत्तर देत नाही. मामा अमावास्येला सकाळच्या एसटीने येईल. त्याला सांगू नको असं तुझं म्हणणं असेल, तर चतुर्दशीच्या संध्याकाळपर्यंत कळव.