मास्तरच्या मागचा फ्लेक्स

४ फेब्रु.
आबांच्या आवडीचा जुना पिच्चर मोबाइलवर पुन्हा काढायचं नक्की. दुष्ट पुढाऱ्याचं काम दत्ता मास्तर करणार, माझा वर्गमित्र. फ्लेक्सचं दुकान संभाळून शूटिंग मी करणार. आबा सांगत होते, जत्रेच्या तंबूत तो पिच्चर लागला तवा गावचा पाटील पुढं बसून पडद्यावरच्या पाटलाला शिव्या हाणत हुता. बाप-लेक लई हसलो.

६ फेब्रु.
पुढाऱ्याच्या आडनावावरून दोन तास वाद. कुठलंबी लावा, त्या समाजाचे लोक दारात. आडनावच कशाला पायजे, म्हणलं. काढलं. मग मास्तर म्हणला जाकीट नको, पांढरी गाडी नको. पुढारी ओळखायचा कसा रं?

९ फेब्रु.
बाजारतळावर पहिला सीन. पुढारी विधवेची जमीन हडपतो. मास्तरनं कमाल केली. लगेच ग्रुपवर टाकला.

१० फेब्रु.
सीन परत बघितला. मास्तरच्या डोक्यामागं आमच्या तालुक्याच्या पुढाऱ्याच्या, भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. हात जोडलेले, हसरे भाऊ. मीच छापला, मीच बांधला. रोज तेच बघून डोळ्याला दिसतच न्हाई. सीन डिलीट केला, पण तोवर शेजारच्या आष्टीपर्यंत पोचलता.

११ फेब्रु.
मास्तरचा फोन बंद. त्याची बायको म्हणती पुण्याला गेलेत. माझी बायको शोभा म्हणली, दुकान उघडू नका. उघडलं. गाडी थांबली की मागच्या दाराकडं बघतो.
आबांना सगळं सांगितलं. म्हणले, "तो पिच्चर काढणारे मुंबईचे हुते. त्यांना दुसऱ्या दिशी पाटोद्यात दुकान उघडायचं नव्हतं."

१३ फेब्रु.
भाऊंची दोन माणसं आली. शिवी न्हाई, हात न्हाई. चहा मागवला. त्यातला मोठा म्हणला, "भाऊंनी बघितला. हसले."
मग ऑर्डर दिली. तसाच फ्लेक्स, त्याच जागी, दुप्पट मोठा. शुभेच्छुकांच्या रांगेत पहिला फोटो माझा, दुसरा मास्तरचा. उद्या दुपारी बांधायचा. मास्तर कुठंय, ते त्यांनी विचारलंच न्हाई. म्हणले, त्याचा फोटो आम्ही पाठवतो.

१४ फेब्रु.
सकाळपासून फाइल उघडी. माझा फोटो लावला, मेव्हण्याच्या लग्नातला.
आत्ता मास्तरचा आला. पुण्याच्या स्टँडवर उभा, खांद्याला बॅग. त्याला फोटो काढलेला माहीत नसणार, भलतीकडंच बघतोय. मागचा स्टँड कापून नुसता चेहरा घ्यायचाय. त्याचा फोन अजून बंदच. बारा वाजत आले. चेहऱ्याभोवती रेघ मारतो, पुसतो.