साठ दवाखान्यांचं कुलूप

३ जुलै, गुरुवार
डोकं फिरलंय. एवढं खपून सिस्टिम बनवली. डोळ्यांच्या प्रत्येक दवाखान्यातला कॉम्प्युटर पेशंटच्या फोटोंवरून जागीच शिकतो, आमच्याकडे फक्त आकडे पाठवतो, तेही कुलूपबंद. आम्हाला दिसते ती सगळ्यांची बेरीज. कोणाचं काय, ते देवालाही कळणार नाही! चार कॉम्प्युटरवर मस्त चालते. साठ दवाखान्यांतही चालेल. तरी बॉस वेंकटरमण यांनी तपासायला टीममधल्या श्रीविद्याला बसवलं.
संकल्प: चिडायचं नाही.

७ जुलै, सोमवार
श्रीविद्या म्हणते, प्रत्येक दवाखाना बाकी प्रत्येकाशी कुलपाच्या किल्ल्यांची देवाणघेवाण करतो, म्हणून साठांवर सगळं रांगतंय. वर एकाचं नेट गेलं की बाकीचे अडकतात. हे भर मीटिंगमध्ये! मी शांतपणे सांगितलं की निगेटिव्ह माणसं मला टीममध्ये नकोत. वेलचेरीला घरी परतताना शेअर ऑटोतल्या बाई माझ्यापासून लांब सरकल्या. मी एकटाच ओरडत होतो म्हणे.
घरी बायकोला, यामिनीला, सांगितलं. ती म्हणाली, तू एवढा चिडलास म्हणजे तिचंच बरोबर असणार.
जेवलो नाही. म्हणजे, भात घेतला नाही.

१५ जुलै, मंगळवार
उद्या डेमो. साठही डॉक्टर ऑनलाइन येणार. श्रीविद्या आठवडा मागते, दवाखान्यांचे छोटे गट करून बघते म्हणे. आठवडा! मी सरळ कुलूपच काढलं. तात्पुरतं. आता सुसाट पळतंय. म्हणजे दोष माझ्या डिझाइनमध्ये नव्हताच, कुलपात होता. कुलूपही मीच लिहिलंय, पण तो वेगळा मुद्दा.

१६ जुलै, दुपार
डेमो जबरदस्त. टाळ्या! मग डॉ. महालक्ष्मींनी विचारलं, स्क्रीनवर माझ्या दवाखान्याचं नाव आणि पुढे आकडे कसे? मी म्हणालो, पारदर्शकता. त्या म्हणाल्या, दवाखान्यातलं काही बाहेर कळणार नाही असा पेशंटना मी शब्द दिलाय, तोही तुमच्या भरवशावर. आणि गेल्या. मागोमाग एकेक डॉक्टर स्क्रीनवरून गायब.
या शहरातलं नेट भिकार आहे.

२१ जुलै, सोमवार
प्रोजेक्ट श्रीविद्याकडे. ती डॉ. महालक्ष्मींना भेटून माफी मागून आली, माझ्या वतीने! मला विचारलंसुद्धा नाही. मला मात्र एचआरने नव्या भरतीसोबत कोर्सला बसवलं, 'गोपनीयता म्हणजे काय?' शेवटी परीक्षा. नापास. प्रश्नच चुकीचे होते. तसा एचआरला खरमरीत मेल टाकला आणि बजावलं की माझा निकाल कोणालाही कळता कामा नये.
मेल चुकून अख्ख्या ऑफिसला गेला.