लिलीचा कांदा

प्रिया, जयभीम.

पुण्याले जातानी तू लिलीची कुंडी माह्या गळ्यात टाकून गेली. दर फोनवर तुहं एकच, "ताई, फूल आलं काय?" लकव्यानं पडलेल्या मायचं विचारणं राहूनच जाते.

तू सांगतलं तसं पाणी बंद करून कुंडी अंधारात ठेवली. घरात अंधारी खोली एकच, मायची. तिथंच मी तिले भरवते, कूस बदलून देते. मंग खिडकी उघडून कुंडीले पाणी सुरू केलं. काल लालभडक फूल उमललं.

मले नर्सबाई म्हणणारी माय फुलाकडं पाहून हासली, "माही प्रिया आली वो!"

फूल तिच्या उशाशी ठेवलं हाये. हे पत्र काही मी धाडत नाही. तुहा फोन आला का सांगन, कांदा सडला.

तुही ताई,
अकोला