दोन ट्रंका आणि एक नाव

४ जून

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

तुझ्या दोन्ही ट्रंका आमच्या संग्रहालयात सुखरूप पोचल्या. आठवडाभर मी तुझे शाळेसाठीचे रेडिओपाठ उलगडते आहे. वीज कशी पडते ते तू ढग आणि जमिनीच्या भांडणातून सांगितलंयस. वाचून टेबलाशी एकटीच हसत बसले.

एक गोष्ट सांगायला मात्र जीभ रेटत नाही. आमचे प्रमुख म्हणतात, प्रसारणात लेखक म्हणून तुमच्या रेडिओ केंद्राच्या साहेबांचं नाव जायचं, तेव्हा सगळं साहेबांच्या संग्रहात लावायचं. तू नुसती टंकलेखिका. तुझी घरची पत्रं परत करायची. मी वाद घातला, तर पुरावा आणा म्हणाले. साहेब तर केव्हाच गेले. मावशी, होकार दे ना. कागद तरी टिकतील. शिवाय माझी नोकरी अजून कायम व्हायची आहे.

रागावू नकोस.
तुझी चिमी

९ जून

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

रागावले. तुझ्यावर कमी, प्रमुखांवर जास्त. साहेबांनी एक तरी पाठ लिहिल्याचा पुरावा आधी त्यांनी दाखवावा! एका हाताने माझ्या तान्ह्याला, म्हणजे तुझ्या दादाला, थोपटत दुसऱ्या हाताने मी ते लिहिले. साहेब एखादा स्वल्पविराम हलवायचे आणि सही ठोकायचे. नाव मागितलं, तर म्हणाले, बाई विज्ञान सांगते म्हटल्यावर शाळा रेडिओ बंद करतील. माझ्या पगारावर घर चालत होतं, म्हणून गप्प बसले. आता कशाला बसू?

ट्रंका परत पाठव. वाळवी लागली तरी माझ्या नावाने लागू दे. भीती वाटत असेल तर सगळं माझ्यावर ढकल. म्हातारी हट्टी आहे म्हणावं. खोटं नाही ते.

जिवाला जप.
तुझी मावशी

१७ जून

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

तुझ्यावर काही ढकललं नाही. प्रमुखांनी साहेबांच्या नावाच्या चिठ्ठ्या आणि गोंद माझ्यापुढे ठेवला. मी चिकटवणार नाही म्हटलं. मग कायम व्हायचं विसरा, म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं, विसरले. शिपाईकाकांनी काही न विचारता ट्रंकेची दुसरी कडी धरली. ट्रंका घेऊन टेम्पो आज तुझ्याकडे निघाला.

मी अजून खुर्चीवर आहे. काढायचं तर लेखी काढा म्हटलंय, आणि लेखी कारण त्यांना सुचत नाहीये. घरी येऊन मात्र पोटभर रडले.

तुझीच, थोडी तुझ्यासारखी,
चिमी

१२ ऑगस्ट

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

ट्रंका पुढच्या खोलीत उघडल्यात. जवळच्या शाळेतल्या बाई पाठ मागायला आल्या आणि वर्गात मीच वाचावा म्हणून हटून बसल्या. वाचला. शेवटी लेखिका म्हणून स्वतःचं नाव घेतलं. ऐकायला बरं वाटलं, म्हणून पुन्हा एकदा घेतलं. मुलांना वाटलं, तशीच पद्धत असते.

त्या बाईंनी तुझ्या प्रमुखांना खरमरीत पत्र धाडलं. काल प्रमुखांचं मला आलं: साहेबांचं आणि माझं, दोन्ही नावं लावू म्हणतात. मी कळवलं, नाव एकच, माझं. घरची पत्रंही सोबतच राहतील. त्या पत्रांतलीच बाई हे पाठ लिहीत होती. कबूल असेल तर टेम्पो त्यांनी पाठवावा, आणि नोंदी करायला तुलाच बसवावं, कायम करून. नाही पाठवला तरी माझं काही अडत नाही. सोमवारी भूकंपाचा पाठ आहे.

खुर्ची सोडू नकोस. लोभ तर तुझाच आहे, आता थोडा हट्टही घे.
तुझी मावशी