कोनाड्यातील काजळी

शनिवार, सायंकाळ. खडकी.

स्वस्ति श्री वाळवीभक्षित-दप्तर-रक्षक, गॉथिक-कमान-मार्तंड, चर्चेतिहास-लेखन-धुरंधर अस्मादिक आज सपशेल पराभूत झाले.

आमचे चर्च मूळचे कॅथलिक. ते प्रोटेस्टंट झाले तेव्हा मरियामातेची मूर्ती गेली, रिकामा कोनाडा उरला. माझी रोझी माहेरची कॅथलिक. लग्नानंतर दर रविवारी ती तिथेच मेणबत्ती लावी. ती गेली आणि कोनाड्यात तेवढी काजळी राहिली.

आज कोनाडा पांढराशुभ्र.

"अहो, डाग होता तो," पाळकसाहेब म्हणाले. "तुमच्याच चर्च-इतिहासाच्या पुस्तिकेत याचा फोटो छापायचा, म्हणून रंगवून घेतला."

डाग. त्यांना तरी काय ठाऊक? पुस्तिकेत मी त्या काजळीवर एक ओळही लिहिली नाही. अनैतिहासिक वाटली.

शिवाय रंगाऱ्याने शिडी नेमकी माझ्या बाकावर आडवी टाकली आहे. उद्या उपासनेला मी बसायचे कुठे, हे कोणी सांगत नाही.