ताईच्या पत्रिकेवरचा गणपती

रविवार, संध्याकाळचे सात. भाईंदर पश्चिम.

ताईच्या लग्नाची पत्रिका मीच बनवली. फारसं कोणाला माहीत नसलेलं एक एआय टूल सापडलं होतं. नावं टाकली की दोन मिनिटांत पत्रिका तयार. ऑफिसात किती मिरवलं मी! सकाळी सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवूनही टाकली.

दुपारी पप्पांनी चष्मा लावून पाहिली. वर गणपती. आमच्या बौद्ध घरातल्या प्रत्येक पत्रिकेवर आजवर बुद्धांचीच प्रतिमा आलीय.

"हे कसं आलं रे?"

"टूलने टाकलं, पप्पा. माझं लक्षच नव्हतं."

खोटं. लक्ष होतं. पाठवण्याआधी चांगला मिनिटभर तो गणपती बघत बसलो होतो. बदलायला फक्त एक ओळ टाईप करायची होती. पण ऑफिसच्या ग्रुपवरही जाणार होती ना पत्रिका. तिथे माझ्या आडनावावरून कोणाला काही कळत नाही. राहू दे, म्हटलं. का म्हटलं?

पप्पा आता बाहेरच्या खोलीत बसून गावच्या एकेका नातेवाइकाला फोन करतायत. इथपर्यंत ऐकू येतंय.

"पोराची चूक नाही हो. मशीनला काय माहीत आपण कोण ते."